कार्ड खिशात, पैसे खात्यात, तरी अडलं कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर 'परदेश प्रवास आणि चिपचं क्रेडिट कार्ड' या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्याच सोसायटीचे सभासद असून बँकेच्या कार्ड विभागातून निवृत्त झाले आहेत.)



सेक्रेटरींनी मला बजावून ठेवलंय, "काका, अर्धा तास बोला, पण वार्षिक सभा करू नका." प्रयत्न करतो. विषय कमिटीनेच दिला आहे. कारण असं की गेल्या मे महिन्यात आपल्या तीन विंगमध्ये मिळून सात घरांना कुलपं होती आणि सातही घरांची माणसं परदेशात होती. कोणी मुलीकडे टोरांटोला, कोणी दुबईला, बी विंगमधल्या आंटी पॅरिशच्या ग्रुपबरोबर लूर्द आणि फातिमाला. परत आल्यावर प्रत्येकाने मला लिफ्टमध्ये गाठलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही बँकेत होतात ना? मग हे कार्डाचं असं का झालं?" लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत उत्तर पुरं होत नाही. म्हणून आजचं हे भाषण.

वसईला परदेश नवीन नाही. आपल्या गावागावांतून माणसं आखातात गेली, बोटीवर गेली, पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाली. पण ती कमवायला गेली. कमवायला गेलेल्या माणसाचा पैसा तिथलाच असतो, त्याला काही अडत नाही. आता आपण जातो ते नातवंडं बघायला, फिरायला, यात्रेला. आपला पैसा इथला, पेन्शनचा, एफडीच्या व्याजाचा, आणि तो तिथल्या मशीनवर चालवायचा असतो. फरक इथे पडतो.

योगायोग बघा, आपली सोसायटी २००० साली झाली आणि त्याच वर्षी १ जूनला 'फेमा' हा परकीय चलनाचा कायदा लागू झाला. त्याआधी 'फेरा' होता. त्या काळात परदेशी जाणाऱ्या माणसाला काऊंटरवर मी स्वतः ट्रॅव्हलर्स चेक दिलेले आहेत. एक सही आमच्यासमोर करायची, दुसरी तिकडे वटवताना. किती डॉलर दिले त्याची नोंद पासपोर्टवर. माणूस ते चेक पोटाशी बांधून न्यायचा. आज त्याच्या जागी हे एवढंसं कार्ड आलं आहे आणि त्याच्यावरचा हा सोनेरी चौकोन. तुमच्यापैकी कितीजणांना तो चौकोन काय करतो ते माहीत आहे? हं. तीन हात. बरे आहेत.

चौकोनाकडे येतोच. आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे. म्हणजे घेतली नाही, पण ती समोरच बसली आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीला गेलो. म्युनिकपासून जवळ एका लहान गावात ती राहते. विमानातून आम्ही उतरलो, एक बॅग उतरली, दुसरी आलीच नाही. त्या दुसऱ्या बॅगेत हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. हँडबॅगेत दोन दिवसांच्या होत्या, त्या संपल्या. मुलगी नोकरीवर, जावई दौऱ्यावर. म्हटलं, त्यात काय, आपण जाऊ. गावातल्या डॉक्टरकडे गेलो. तिकडे चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी दिली आणि फी सांगितली. मी ऐटीत कार्ड काढलं. मशीनमध्ये घातलं. नकार. पुन्हा घातलं. नकार. रिसेप्शनवरची बाई अगदी शांतपणे म्हणाली, रोख आहे का? खिशात वीस युरो होते.

माझ्या खात्यात पैसे होते. कार्डाची मर्यादा मोठी होती. कार्ड नवीन कोरं होतं, दोन महिन्यांपूर्वीच जुन्याची मुदत संपून आलेलं. आणि नेमकं तेच कारण होतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये एक परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी ते अमलात आलं. त्यानुसार बँकेने नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि भारतातल्या दुकानातल्या मशीनवर चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून वापर, हे तिन्ही बंद असतात. ज्याला हवं त्याने ते चालू करून घ्यायचे. नियम चांगला आहे, आपल्या भल्याचा आहे, आणि तो मी स्वतः शेकडो ग्राहकांना फोनवर समजावला होता. स्वतःचं कार्ड बदलून आलं तेव्हा मात्र विसरलो. जुन्या कार्डावर परदेशी वापर चालू होता ना! नवं कार्ड म्हणजे नवा संसार, जुनी बटणं त्यावर येतीलच असं नाही.

बरं, चालू करायचं तर दोन मिनिटांचं काम. बँकेचं अ‍ॅप उघडलं. ते म्हणालं, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवरून एसएमएस पाठवून पडताळणी करा. माझ्या इथल्या सिमवर रोमिंग चालू केलेलं नव्हतं. निघताना मुलगा म्हणाला होता, "बाबा, पॅक घ्या," आणि मी म्हणालो होतो, "व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, कशाला पैसे घालवायचे?" वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप छान चालत होतं. बँकेचा एसएमएस काही वाय-फायवरून येत-जात नाही.

दीड तास आम्ही त्या दवाखान्यात बसून होतो. मुलगी मीटिंगमध्ये. ती आली, तिने फोन मशीनला टेकवला, झालं. गोळ्या मिळाल्या, हिची तब्येत ठीक राहिली. कोणी आम्हाला वाईट वागवलं नाही, पाणीसुद्धा विचारलं. पण एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, खात्यात पैसे असताना, लेकीच्या तोंडाकडे बघत बसला. परत येताना ही एवढंच म्हणाली, "तुम्ही बँकेतच होतात ना?" लिफ्टमध्ये तुम्ही विचारता तो प्रश्न पहिल्यांदा मला घरातूनच आलेला आहे.

म्हणून सांगतो, जाण्याच्या आठ दिवस आधी अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे 'इंटरनॅशनल' नावाचा भाग असतो आणि त्यात वेगवेगळी बटणं असतात: दुकानातलं मशीन, एटीएम, ऑनलाइन, टॅप. दुकानाचं चालू करा. प्रत्येकाला रोजची मर्यादा ठरवता येते, ती तुमच्या खर्चाला झेपेल एवढीच ठेवा. ऑनलाइनचं बटण मात्र विचार करून. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की सगळीकडे तसंच असेल असं वाटतं. परदेशातल्या पुष्कळ संकेतस्थळांवर तो विचारत नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होतं. म्हणजे ज्याच्या हाती तुमच्या कार्डाचा फोटो, त्याच्या हाती तुमचं कार्ड. हॉटेलचं बुकिंग करायचं असेल तेव्हा चालू करा, झालं की बंद. घरातला गॅस आपण असाच वापरतो की नाही?

आणि इथल्या सिमवर रोमिंग चालू करून ठेवा. पॅक लहानातला लहान घ्या, पण एसएमएस आला पाहिजे. तिकडचं सिम घातलंत तर आपलं सिम कुठे ठेवलं ते लक्षात असू द्या. हरवलेल्या बॅगेत नको.

आता त्या सोनेरी चौकोनाकडे येऊ.

कार्डाच्या मागे काळी पट्टी असते, ती जुनी. तिची एक गंमत सांगतात. १९६०च्या दशकात आयबीएमचे अभियंता फॉरेस्ट पॅरी प्लास्टिकच्या कार्डावर चुंबकीय पट्टी चिकटवायचा प्रयत्न करत होते. कोणताही गोंद लावला की पट्टी खराब व्हायची. घरी आले तेव्हा त्यांची पत्नी कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीनेच चिकटवून बघा. आणि चिकटली. पुढची कितीतरी वर्षं जगभरचा व्यवहार त्या इस्त्रीवर चालला.

पण त्या पट्टीत जे लिहिलेलं असतं ते कायमचं असतं. दरवेळी तीच माहिती. रबरी शिक्क्यासारखं समजा. शिक्का कोणी तासभर पळवला आणि तसाच दुसरा करून घेतला, की तुमच्या नावाने कागद फिरायला लागले. पट्टीचं तसंच व्हायचं. हॉटेलातला माणूस कार्ड आत घेऊन जायचा, एका छोट्या यंत्रातून फिरवायचा, आणि महिन्याभराने तुमच्या कार्डाचा जुळा भाऊ भलत्याच देशात खरेदी करायचा. असे कागद मी टेबलावर रोज बघितले आहेत. नवरा-बायको समोर बसून रडायचे, "साहेब, आम्ही त्या देशात गेलोच नाही हो."

चिप म्हणजे शिक्का नव्हे. तो छोटासा संगणक आहे. त्याच्या आत एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. मशीन त्याला रक्कम, तारीख वगैरे देतं, चिप त्यावर आतल्या आत गणित करून एक नवा संकेत तयार करते, आणि तो फक्त त्याच व्यवहाराला चालतो. शिवाय ती व्यवहार मोजत जाते. म्हणजे हे चेकबुकासारखं झालं. प्रत्येक चेकचा नंबर वेगळा, वटलेल्या चेकची झेरॉक्स घेऊन कोणी आला तर आपण त्याला चहा पाजून परत पाठवतो. चोराने चिपचा एक व्यवहार चोरून ऐकला तरी तो पुन्हा वापरता येत नाही.

ही कल्पना फ्रान्सची. रोलां मोरेनो या गृहस्थाने १९७४ साली तिचं पेटंट घेतलं. फ्रान्समधली बँकांची कार्डं १९९२ पर्यंत चिपची झालेली होती. मग युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी मिळून एकच मानक ठरवलं, त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ईएमव्ही म्हणतात. म्हणून आपलं विरारमध्ये मिळालेलं कार्ड लिस्बनच्या मशीनला कळतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिप आणि पिनची द्यायला २०१८ च्या डिसेंबरअखेरची मुदत घातली होती. आठवतंय ना, तेव्हा सगळ्यांना बँकेचे फोन यायचे? त्यातले अर्धे फसवणुकीचे होते, तेही आठवत असेल.

पट्टी मात्र अजून पुसली गेलेली नाही. जिथे चिपचं मशीन नाही तिथे अडू नये म्हणून ती मागे ठेवली आहे. मास्टरकार्डने जाहीर केलंय की २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवरून ती पूर्ण जाईल. तोवर आपण एवढंच करायचं, कोणी दुकानदार "मशीन खराब आहे, स्वाइप करतो" म्हणाला, तर दुसरं दुकान बघायचं. कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही. मशीन टेबलावर मागवायचं. आणि कार्ड मशीनमध्ये घातलं की काढायची घाई नको. चिप आत बसून बोलत असते, मध्येच ओढलं तर बोलणं तुटतं. "काढा" असं मशीन सांगेल तेव्हाच काढा. विरार लोकलमधून बोरिवलीला उतरायची घाई तिथे नको.

पिनबद्दल. युरोपात रेल्वेच्या तिकीट मशीनवर, पार्किंगला, पेट्रोल पंपावर माणूस नसतो. तिथे पिन आलाच पाहिजे. आपल्याकडे पुष्कळांना क्रेडिट कार्डाचा पिन ठाऊकच नसतो, कारण सगळं टॅपवर किंवा ओटीपीवर भागतं. जाण्याआधी पिन ठरवा आणि इथल्याच एखाद्या दुकानात एकदा वापरून बघा. पापडीच्या बाजारात चालला तर पॅरिसला चालण्याची आशा आहे. लागोपाठ चुकीचा टाकला तर कार्ड अडतं, म्हणून आठवत नसेल तर अंदाजपंचे आकडे मारत बसू नका.

टॅपची गंमत लंडनला कळते. तिथे बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये आपलं टॅपचं कार्ड सरळ चालतं, तिकीट काढायला नको. पण एका माणसाला एक कार्ड. आपल्याकडे जसं मी पुढे होऊन दोन तिकिटं काढतो तसं चालत नाही. ए विंगमधले एक काका-काकी गेले होते, काकांनी टॅप केलं आणि दार उघडलं, काकी बाहेर! म्हणून काकींच्या नावाचं जोडकार्ड आधीच काढून घ्या. त्याचा नंबर वेगळा असला तर उत्तम, आणि एक हरवलं तर दुसरं असतं. ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडा, फोन आणि कार्ड यांची अदलाबदल करू नका, नाहीतर जास्त भाडं कापतात.

अमेरिकेचं वेगळंच. एवढा पुढारलेला देश, पण चिपकडे उशिरा वळला. तिथे दुकानदारांवर जबाबदारी टाकणारा बदल २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आला, पेट्रोल पंपांसाठी तर २०२१ मध्ये. अजून पुष्कळ ठिकाणी पिन विचारतच नाहीत, सही घेतात किंवा तीही नाही. आपल्याला वाटतं काहीतरी चुकलं. नाही, त्यांची पद्धतच तशी. पेट्रोल पंपावर मशीन पिनकोड मागतं, तिथला पाच आकडी. आपला ४०१ ने सुरू होणारा सहा आकडी तिथे बसत नाही. आत काऊंटरवर जाऊन आधीच किती डॉलरचं पेट्रोल हवंय ते सांगायचं, की काम होतं. हॉटेलात जेवल्यावर पावतीवर टिप हाताने लिहायची असते, ती नंतर धरली जाते. त्यामुळे मोबाइलवर आधी आलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यांत फरक दिसला तर लगेच भांडू नका, पावती जुळवून बघा. पावती मात्र ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे मोबाइल बाजूला ठेवा जरा.

परदेशात कार्ड घातलं की मशीन कधी कधी एक प्रश्न विचारतं. पडद्यावर दोन आकडे येतात, एक तिथल्या चलनात, एक रुपयांत. रुपये बघून आपल्याला हायसं वाटतं. आपलं माणूस भेटल्यासारखं. आणि आपण रुपयांवर बोट ठेवतो. तिथे फसतो. रुपयांचा तो आकडा आपल्या बँकेने काढलेला नसतो. दुकानाच्या मशीनमागे जी कंपनी आहे तिने स्वतःच्या दराने काढलेला असतो, आणि त्या दरात तिचा नफा धरलेला असतो.

हिशेब मांडतो. सोयीसाठी समजा एक दिरहम २३ रुपयांना आहे आणि दुबईत तुम्ही ५०० दिरहमची खरेदी केली. सरळ हिशेबाने ११,५०० रुपये. तुम्ही दिरहम निवडलेत तर आपली बँक परकीय चलनाचा आकार लावेल. समजा तो साडेतीन टक्के आहे, म्हणजे सुमारे ४०२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, ७२ रुपये. एकूण साधारण ११,९७५. आता रुपये निवडलेत आणि समोरच्या कंपनीने दरात सात टक्के चढवले असतील, तर आकडा होतो १२,३०५. त्यातही काही बँका परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर वेगळा एक टक्का आणि जीएसटी घेतात. झाले १२,४५०. एकाच पर्सवर पावणेपाचशे रुपये जास्त. पंधरा दिवसांत अशा किती वेळा बोट ठेवाल ते तुम्हीच मोजा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथल्या चलनावरच बोट ठेवायचं. दुकानदाराने न विचारता रुपयांत केलं, तर सही करण्याआधी तो व्यवहार रद्द करून परत करायला सांगायचं. सांगायला लाजू नका. भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं बोलणारी माणसं आपण.

बँकेचा आकार कार्डागणिक वेगळा असतो, शून्यापासून साडेतीन टक्क्यांपर्यंत. आपल्या कार्डाचा किती, हे जाण्याआधी बघून घ्या. फॉरेक्स कार्ड हाही मार्ग आहे. त्यातही चिप असते, पैसे आधी भरायचे, दर भरताना ठरतो. ज्यांना खर्च हाताबाहेर जायची भीती वाटते त्यांना ते बरं. पण हॉटेल अनामत म्हणून किंवा गाडी भाड्याने देणारे जी रक्कम अडकवून ठेवतात, तिच्यासाठी क्रेडिट कार्डच सोयीचं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला दिवस लागतात.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, पन्नास दिवसांची सवलत तिथे नसते, आणि काढण्याचा आकार वेगळा. रोख लागतेच, जपानमध्ये आणि जर्मनीतसुद्धा लहान दुकानं कार्ड घेत नाहीत. माझी ती वीस युरोची कथा लक्षात ठेवा. थोडी रोख इथूनच न्या किंवा फॉरेक्स कार्डातून काढा.

कराचं विचारतात, म्हणून दोन वाक्यं. परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा २५ हजार होती. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च त्यात धरला जातो आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च २०२३ साली त्यात आणायचं ठरलं होतं, पण जूनअखेर सरकारने ते पुढे ढकललं, आणि मी बोलतोय तोवर तसंच आहे. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी सीएला विचारून जा, मला नको.

यूपीआय चालेल का, असं तरुण मंडळी विचारणार. फ्रान्समध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरच्या तिकिटापासून सुरुवात झाली, सिंगापूर, अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, भूतान इथेही काही ठिकाणी चालतं. चालेल तिथे वापरा. पण त्याच्या भरवशावर विमानात बसू नका.

आता चोरी. दादरला विरार फास्टमध्ये चढताना आपण पाठीवरची सॅक पुढे घेतो. कोणी शिकवावं लागत नाही. पण पॅरिसच्या मेट्रोत शिरलो की आपल्याला वाटतं, इथली माणसं सभ्य. खिसे कापणाऱ्यांना व्हिसा लागत नाही हो. सॅक पुढेच ठेवा. दोन कार्डं दोन वेगळ्या बँकांची न्या, एक अंगावर, एक हॉटेलच्या तिजोरीत. दोन्ही एका पाकिटात ठेवणं म्हणजे घराच्या दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात.

आणि कार्ड हरवलं किंवा भलताच व्यवहार दिसला, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर मर्यादित जबाबदारी: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्याला २५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या धोरणावर. आणि पिन तुम्हीच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा.

आपल्याच सोसायटीतली दोन घरं. नावं घेत नाही, ती दोघंही इथे आहेत. दोघांचेही सहलीत भलतेच व्यवहार झाले. एकाने हॉटेलच्या खोलीतून अ‍ॅपवर कार्ड बंद केलं, बँकेला ईमेल केला, तक्रारीचा नंबर घेतला आणि मग झोपला. त्याचे सगळे पैसे परत आले. दुसऱ्या घरात मेसेज आला होता, पण सिम बंद. सहलीची मजा जायला नको म्हणून कोणी बघितलं नाही. घरी येऊन, बॅगा धुऊन-पुसून, बिल उघडलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. पाच महिने पत्रव्यवहार केला. मी मसुदे लिहून दिले. थोडे पैसे परत आले, बाकीचे गेले. त्या रकमेत नातवासाठी ठेवलेले पैसे होते. ते मला अजून लागून राहिलंय, कारण चूक एवढीशी होती.

बँकेचा जो १८०० ने सुरू होणारा नंबर आहे तो परदेशातून बहुधा लागत नाही. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर परदेशातून लावायचा वेगळा नंबर असतो. तो कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. फोनच चोरीला गेला तर? आणि इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरला फोन करू नका, तिथे बसलेले निम्मे तेच लोक असतात ज्यांच्यापासून आपण पळतोय.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. पुढच्या रांगेतल्या आजींनी मघाशी विचारलं होतं, "अरे, एवढं सगळं असेल तर मुलगाच देईल ना तिकडे पैसे, आम्ही कशाला कार्ड नेऊ?" आजी, देईल. आनंदाने देईल. पण तुमची नात आइस्क्रीमच्या दुकानासमोर तुमचा हात ओढेल, मुलाचा नाही. तेव्हा त्याला फोन लावून बोलवायचं का?

तर रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात बसतो. ज्यांना जायचंय त्यांनी फोन आणि कार्ड घेऊन या, कुठली बटणं चालू आहेत ते एकेकाचं बघू. मुलांनाही आणा, त्यांचे डोळे चांगले असतात. चष्मे विसरू नका. पिन मात्र मला सांगायचा नाही, मी मागितला तरी.